लेखकाने भूमिका घ्यावी म्हणजे नेमकं काय करावं?

रुळांपलीकडे (धागाकर्ता) :

कथा वाचून संपली की श्रोत्यांतून हमखास एक प्रश्न येतो, 'छान आहे, पण यात लेखकाची भूमिका काय?' या प्रश्नाने चांगली लिहिणारी माणसं गप्प होताना पाहिली आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

दादरला आमची काही जणांची वाचनाची बैठक असते. मागच्या खेपेला एका परिचारिकेने स्वतःची कथा वाचली. सरकारी रुग्णालयातला वॉर्ड, खाटेवर एक म्हातारी, आणि संध्याकाळी तिच्यासाठी डबा घेऊन येणारा मुलगा. तो डबा उघडतो, आईला दोन घास भरवतो आणि बोलता बोलता उरलेलं सगळं स्वतः संपवतो. म्हातारीला ते कळतं. ती रोज म्हणते, 'मला आज भूक नाही रे.' एवढीच कथा. वाचून झाल्यावर एक गृहस्थ म्हणाले, आरोग्यव्यवस्थेबद्दल तुम्ही काहीच म्हटलेलं नाही, समाजाला यातून काय मिळणार? तिने कागद पिशवीत ठेवले आणि नंतर बैठक संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मला त्या प्रश्नाचा राग आला, अजून आहे. दिवसभर राबून आलेला माणूस आईच्या डब्यातलं खातो, कारण घरी रांधलेलंच तेवढं असतं. हे ज्याला त्या कथेतून उमगलं नाही, त्याला वर दोन परिच्छेद आरोग्यव्यवस्थेवर वाचून काय उमगणार होतं?

लेखकाचं पहिलं काम नीट पाहणं आणि पाहिलेलं न बिघडवता सांगणं, असं मी मानतो. भूमिका घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, दुर्गा भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्या देखत दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधातले आजारी नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून, जिथे त्या वर्षानुवर्षं अभ्यासाला बसत. आता त्याच बाईंचं 'ऋतुचक्र' उघडून बघा. बारा महिने झाडं, फुलं, आभाळ, पाऊस. वेळ आली तेव्हा त्यांनी भूमिका व्यासपीठावर उभं राहून घेतली आणि तिची किंमत स्वतः मोजली. पळसाच्या फुलाकडून ती वदवून घेतली नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः जे लिहितात त्यांनी सांगावं.

सांजवात :

वाचतेय. डब्याची कथा कुठे छापून आली तर जरूर कळवा.

गिरणगावची :

मला हे पटलेलं नाही आणि का ते सविस्तर लिहिते.

'नीट पाहणं' हे ऐकायला फार बरं वाटतं. पण पाहणारा उभा कुठे आहे? माझे वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर काम करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या चाळीत त्या वर्षांत पुढारी आले, वार्ताहर आले, फोटो काढणारे आले. सगळ्यांनी पाहिलंच की. सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले. आमच्या आईने घरी पैसे देऊन जेवायला येणारे खानावळीचे गडी कमी झाल्यावर घर कसं चालवलं, कोणतं भांडं आधी विकलं आणि कोणतं शेवटपर्यंत ठेवलं, हे पाहायला जिना चढून कोणी आलं नाही. जिना चढावासा वाटणं हीच भूमिका आहे. ती आधी येते, पाहणं नंतर.

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याच्या उद्घाटनाला त्यांनी ठणकावून सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. पुढच्या वर्षी 'फकिरा' ही कादंबरी आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांच्या कादंबरीतून भूमिका बाजूला काढून दाखवा बरं. फकिरा धान्य लुटतो ते गाव उपाशी आहे म्हणून, आणि लेखक त्याच्या बाजूने उभा आहे हे पहिल्या पानापासून कळतं. ती बाजू नसती तर फकिरा पोलिसांच्या दप्तरात दरोडेखोर म्हणूनच राहिला असता.

आमचं घर मी पहिल्यांदा रंगमंचावर पाहिलं ते 'अधांतर'मध्ये. जयंत पवारांचं. ते लालबागचे, आमच्यातलेच. बाहेरच्याला ते जमलं नसतं असं मी अजून मानते.

त्या परिचारिकेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. तिची भूमिका त्या 'भूक नाही रे'मध्ये पुरेपूर आहे. प्रश्न विचारणाऱ्याला ती ऐकू आली नाही, एवढंच.

रुळांपलीकडे :

गिरणगावची, जिना चढण्याचं जे लिहिलंत त्यावर मला उत्तर नाही, ते मान्यच आहे. पण 'अधांतर'चंच घ्या. संप १९८२ चा, नाटक आलं १९९७ ला. १५ वर्षं. जयंत पवार पत्रकार होते, रोजच्या रोज लिहिण्याची सवय असलेला माणूस. तरी त्या घरातली आई, ती मुलं, त्यांची आपसातली भांडणं कागदावर यायला एवढा काळ गेला. आज आपण लेखकाला एवढी मुदत देतो का? सकाळी काही घडलं की दुपारपर्यंत 'तुम्ही गप्प का' असं विचारलं जातं. नागरिक म्हणून विचारा, हरकत नाही. पण कथा-कविता करणाऱ्याकडून दुपारपर्यंत कथा-कविता मागू नका. जे घाईत येतं ते बहुतेक वेळा आधीच कुणीतरी म्हटलेलं असतं.

मुद्रितशोधक :

मी गिरगावात एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासत असे. खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी छापायचा जमाना. लेखकाच्या भूमिकेवर बोलण्याइतका मोठा मी नाही, पण लिहिणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं ते जवळून पाहिलं, तेवढं सांगतो.

कंपोझिटर उलट्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचा. जुळवलेल्या ओळींचं तबक, म्हणजे गॅली, भरली की तिचं प्रूफ निघायचं, ते माझ्याकडे. नंतर लेखकाकडे. लेखकाने एका ओळीत एक शब्द वाढवला की ती ओळ मोडायची, तिच्यातला शेवटचा शब्द खालच्या ओळीत, तिथला त्याच्याही खाली, असं परिच्छेद संपेपर्यंत सगळं पुन्हा जुळवावं लागे. म्हणून चांगले लेखक प्रुफावर शब्द बदलताना जेवढ्या अक्षरांचा काढला तेवढ्याच अक्षरांचा घालायचे. कंपोझिटरचे हात वाचावेत म्हणून. यातून एक सवय लागायची: शब्द कागदावर जाण्याआधी तो दहादा तपासायची. आणि कंपोझिटर हा लेखकाचा पहिला वाचक असायचा. जिथे त्याचा हात अडखळला तिथे वाक्यात बहुधा काहीतरी चुकलेलं असे. हे मी अनुभवाने सांगतो.

खटाववाडीत 'सत्यकथा' हे साहित्याचं मासिक काढणाऱ्या मौजेचं कार्यालय होतं. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथे'कडे आलेली कथा परत पाठवायचे ती सोबत पत्र जोडून. पत्रात सूचना असायच्या. हे पात्र इथे असं का वागतं, हा शेवट आधीच आला आहे का, हे वर्णन कथेला हवं आहे की तुम्हाला. नवा, कुणाला ठाऊक नसलेला लेखक असला तरी पत्र जायचं. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. काहींच्या कथा अशा बऱ्याच फेऱ्या करून छापल्या गेल्या. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झालं.

आज दुरुस्तीला काही पडत नाही. बटण दाबलं की शब्द बदलतो. तरीही मला वाचायला येतं त्यातलं बरंच काही पहिलाच खर्डा असतं, आणि वाचताना ते लगेच कळतं. लेखकाची समाजाशी असलेली बांधिलकी मला विचाराल तर ती इथे सुरू होते. वाचकाच्या हातात अर्धवट वाक्य द्यायचं नाही.

त्या बाईंच्या कथेवर 'भूमिका काय' विचारणाऱ्या गृहस्थांनी त्याऐवजी विचारायला हवं होतं की मुलगा डबा संपवतो तेव्हा म्हातारी कुठे बघत असते. याने कथा पुढे गेली असती.

सांजवात :

शेवटचा परिच्छेद वहीत उतरवून घेतला, काका.

चाळकरी :

मुद्रितशोधक काका, तुमच्याबद्दल आणि त्या संपादकांबद्दल आदर आहेच. पण खटाववाडीच्या दारातून कोण आत गेलं नाही तेही या धाग्यात यायला हवं.

राजा ढाले यांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'चा अंक जाळला तो उगाच नाही. चांगली कथा कशी असते याची एक कल्पना तिथे पक्की झाली होती, आणि त्या कल्पनेत कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती बसत नव्हती, रस्त्यावरची शिवी बसत नव्हती. म्हणून लघुनियतकालिकं निघाली. चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेली), खिशातले पैसे घालून काढलेली, कधी बंद पडतील याचा नेम नसलेली. तिथे परत पाठवणारा कोणी नव्हता, आणि म्हणूनच काही गोष्टी पहिल्यांदा मराठीत लिहिल्या गेल्या.

नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते. १९७२ मध्ये त्याच वस्तीतल्या जगण्यावरचं त्यांचं कवितांचं पुस्तक 'गोलपिठा' आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या काळातलं नाटकातलं एवढं मोठं नाव, पण ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, कवितेतल्या शब्दांचे अर्थ त्यांना विचारले आणि हे सगळं प्रस्तावनेत उघड सांगितलं. कविता वाचण्यासाठी तेंडुलकरांना विद्यार्थी व्हावं लागलं. संपादकाने लेखकाला शिकवायचं, हा एक मार्ग झाला. लेखक संपादकाला शिकवतो, हाही एक आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

मुद्रितशोधक :

चाळकरी, खरं आहे ते. दार अरुंद होतं. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. 'गोलपिठा' बेशिस्त पुस्तक नाही. त्यातली ओळ कुठे तुटते, शिवी कोणत्या जागी येते, हे मोठ्याने वाचून बघा, एक शब्द हलवता येत नाही. परत पाठवणारा बाहेर नव्हता, तर तो कवीच्या आत बसलेला होता. तसा आत बसलेला असेल तर कोणत्याच संपादकाची गरज नाही. पण तो सगळ्यांच्या आत नसतो.

खारफुटी :

मी या सगळ्यात लहान आहे. मोबाइलवरच्या एका कथांच्या ॲपवर भाग लिहिते. विरारहून चर्चगेटला जाता-येता लिहून होतं. वाचक भरपूर आहेत, आणि मनापासून वाचतात. पण रोज एक भाग द्यावा लागतो. एका पात्राला मला मारायचं होतं. दोन दिवस प्रतिक्रिया आल्या की मारू नका, आणि मी नाही मारलं. तेव्हापासून वाटतंय की गोष्ट माझी राहिलेली नाही. इथे सगळे १५ वर्षं आणि दहा खर्डे म्हणताहेत, पण मला नोकरी आहे, घरी आई आजारी असते. यातून लेखक होता येतं का, हा माझा खराखुरा प्रश्न आहे.

अजून एक. त्या ॲपच्या करारात 'सर्व हक्क' असं काहीतरी लिहिलंय. त्याने काय होतं?

रुळांपलीकडे :

खारफुटी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. या शहरात लेखक जवळजवळ नेहमीच आधी कुठेतरी नोकरीला होता. नारायण सुर्वे गिरणीत होते, पालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. मर्ढेकर आकाशवाणीत. अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात, आणि काळ्या घोड्याच्या चौकात वेसाइड इन या उपाहारगृहात बसून समोरचा रस्ता बघत राहायचे. त्या चौकावरच्या इंग्रजी कवितांचं पुस्तक २००४ मध्ये आलं, त्याच वर्षी ते गेले. सुर्व्यांच्या कवितेत जी माणसं आहेत ती त्यांना लेखक म्हणून शोधावी लागली नाहीत, कामावर भेटली. नोकरी लिखाणाच्या आड येते हे खरं, पण तीच माणसं आणून देते.

मला तुमच्या त्या पात्राची जास्त काळजी वाटते. वाचक म्हणाले म्हणून ते जगलं. वाचकांवर प्रेम करा, पण गोष्टीत कोण मरणार हे त्यांना ठरवू देऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर ॲपवरचं चालू ठेवलं असतं, पैसे मिळत असतील तर ते हवेतच. शेजारी एक वही ठेवली असती जी कोणालाच दाखवायची नाही. त्यात त्या पात्राचं मरण लिहून काढा.

चाळकरी :

हक्कांबद्दल मी सांगतो, कामाचा भाग म्हणून हे रोज बघावं लागतं. आपला स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. तेव्हा तुमची गोष्ट ही तुमच्या नंतरच्या पिढीचीही मालमत्ता आहे, सहज देऊन टाकू नका.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात मुदत, प्रदेश, आणि पुस्तक-नाटक-चित्रपट-ऑडिओ यांपैकी नेमकं काय दिलंय, हे तीन तपासा. 'सर्व हक्क, कायमचे' असं असेल तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. लेखक पैशाबद्दल बोलला की कमअस्सल, ही समजूत आपल्याकडे फार आहे. ती लेखकांच्या कधीच फायद्याची नव्हती.

खारफुटी :

करार उघडून बसलेय. मुदत लिहिलेलीच नाही. आभार, दादा. वहीचंही करते.

चार तास :

नाव तसं का, तर मी डायलिसिस युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे आणि एक फेरी साधारण चार तासांची असते. पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, वर्षानुवर्षं येतात. पहिल्या तासात झोपतात, मग बोलतात. मशीन लावलेला हात हलवता येत नाही, उठून जाता येत नाही, मग माणूस बोलतो. नवऱ्याला किडनी द्यायला तयार असलेली बायको आणि तिला नको म्हणणारी तिची आई. पगार कापला जाईल म्हणून ऑफिसात आजार लपवणारा क्लार्क. एक रिक्षावाले काका आहेत, पाणी मोजून प्यायचं असतं म्हणून उन्हाळ्यात प्रवाशाच्या हातातल्या बाटलीकडे बघायचं टाळतात.

मी हे लिहायला लागले आणि थांबले. ही माणसं माझ्याशी बोलली ती मी तंत्रज्ञ म्हणून. लेखक म्हणून नाही. त्यांनी मला दिलेलं मी दुसऱ्या कुणाला द्यायचं का? इथे सगळे 'पाहिलेलं सांगा' म्हणताय, पण ज्याला पाहिलं त्याची परवानगी कोणी विचारली?

गिरणगावची :

हा या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. मी वर जिना चढण्याबद्दल लिहिलं, तर जिना चढल्यावर काय, ते तुम्ही विचारलंत.

माझं मत सांगते. आमच्या आईवर कोणी लिहिलं असतं तर तिने विचारलं असतं, 'माझं नाव लावलंस का?' नाव नसतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण तिने विकलेल्या भांड्याबद्दल कोणी दया दाखवून लिहिलं असतं तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. गुपित फोडू नये हे तर आहेच, आणि पेशंटच्या बाबतीत ते तुमच्या कामाचं बंधनही आहे, ते कुठल्याही कथेपेक्षा मोठं. आजार, वय, गाव, नातं असं बदला की त्या माणसाला ओळखणारा कोणी वाचेल तर त्यालाही शंका येऊ नये. पण त्याहून अवघड गोष्ट म्हणजे त्या माणसाला कथेत बिचारं करायचं नाही. रिक्षावाले काका तहान सोसतात, पण ते दिवसभर भाडंही नाकारतात, मीटरवरून भांडतातही. ते भांडण लिहा.

रुळांपलीकडे :

याच्याशी पूर्ण सहमत. आणि मी सुरुवातीला जे 'पाहिलेलं न बिघडवता सांगणं' म्हटलं त्यात ही भर घालतो की कोणाचं पाहिलंय त्याच्याशी आधी प्रामाणिक राहायचं, वाचकाशी नंतर. एखादी गोष्ट नावं-गावं बदलूनही त्या माणसाला उघडं पाडत असेल तर ती लिहायची नाही, कितीही चांगली असली तरी. लेखकाने काही गोष्टी न लिहिता स्वतःजवळ ठेवणं हाही लेखकपणाचाच भाग आहे. दुसऱ्या माणसांच्या दुःखावर पहिला हक्क त्यांचा.

चार तास :

आता थोडं मोकळं वाटतंय. सात-आठ माणसांतून एक माणूस करते, असं ठरवलं. पेशंट बाजूला ठेवून आधी आमच्या युनिटमधल्या मावशींवर लिहिते. त्यांना सांगितलंय, त्यांची हरकत नाही, उलट त्या रोज विचारतात कुठवर आलं.

अडचण आहे भाषेची. मावशी मालवणी बोलतात, पेशंटशी मोडक्या हिंदीत, डॉक्टरांशी एकदम पुस्तकी मराठीत. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही. सगळं प्रमाण मराठीत केलं तर मावशीच उरत नाहीत. काय करू?

मुद्रितशोधक :

तिन्ही ठेवा. मावशी कोणाशी कसं बोलतात यातच त्यांचं निम्मं व्यक्तिमत्त्व आहे, ते पुसू नका. उच्चार मात्र प्रत्येक शब्दात मोडून लिहू नका, वाचकाचा जीव जातो. क्रियापदाची शेवटं आणि हेल सांभाळा, दोन-चार खास शब्द राहू द्या, बाकीचं साधं ठेवा. कंसात अर्थ देऊ नका. खाली तळटीप तर नकोच. प्रसंग नीट उभा असेल तर शब्द आपोआप कळतो. आणि डॉक्टरांशी बोलताना मावशींचं मराठी जिथे जरा जास्तच शुद्ध होतं ती जागा हेरा. तिथे त्या घाबरलेल्या असतील, किंवा काही लपवत असतील.

गिरणगावची :

आणि झालं की त्यांनाच वाचून दाखवा. जिथे त्या 'असां कोण बोलता?' म्हणतील तेवढं बदला.